पहिल्या तासाला क्रॅक देऊ नका: ठाणे-नवी मुंबईच्या म्युझिक क्लासचालकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे, कळवा, ऐरोलीपासून बेलापूर-पनवेलपर्यंत म्युझिक प्रॉडक्शनचे क्लास चालवणारे सर्व सर आणि मॅडम यांस,

विषय: प्रवेशासोबत मुलांच्या हाती पडणारं क्रॅक (म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं, चोरटं) सॉफ्टवेअर, आणि त्याऐवजी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी खुली, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम).

स. न. वि. वि.

आपल्या भागात हे क्लास वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. पूर्वी बीट बनवायला शिकायचं तर अंधेरी गाठावी लागे, आणि लोकलचा पास, क्लासची फी व घरच्यांची नाराजी असं तिन्ही एकदम भरावं लागे. आता नौपाड्यात, वाशीत, नेरुळ स्टेशनबाहेर पाट्या दिसतात. माझी ओळख एवढीच की मी कळव्यात राहतो, दिवसा ऐरोलीत नोकरी करतो आणि रात्री हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, तेही लिनक्सवर. आजूबाजूची मुलं लॅपटॉप अडला की माझ्याकडे येतात. त्यातली बरीचशी तुमचीच विद्यार्थी असतात. त्यामुळे तुमच्या वर्गात काय चालतं ते मला वर्गाबाहेर बसून बरंच कळतं.

फी भरली की पहिल्या-दुसऱ्या तासाला मुलाच्या हातात एक पेनड्राइव्ह येतो, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्राइव्हची लिंक. आत एफएल स्टुडिओ (गाणं बनवायचं सॉफ्टवेअर), कोन्टॅक्ट (रेकॉर्ड केलेली वाद्यं वाजवणारं), ऑटोट्यून (गळ्याचा सूर सरळ करणारं), भारी भारी प्लगिन्स (त्याला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं), सगळं क्रॅक केलेलं. प्रत्येकासोबत एक टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यातल्या सूचना ठरलेल्या: इंटरनेट बंद करा, अँटिव्हायरस बंद करा, मग कीजेन (खोटा परवाना-क्रमांक बनवणारा प्रोग्राम) चालवा. मुलगा निमूट करतो, कारण सरांनी दिलंय. पण तो लॅपटॉप त्याच्या एकट्याचा नसतो. त्यावरच बहिणीने सीईटीचा फॉर्म भरलेला असतो, त्यावरच वडील नेटबँकिंग करतात. कुणी लिहिलेला, कशासाठी लिहिलेला हे कुणालाच माहीत नाही असा प्रोग्राम आपण त्या घरात अँटिव्हायरस बंद करून चालवायला सांगतो आहोत. माझ्याकडे 'सर, लॅपटॉप स्लो झालाय' म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये काय काय सापडतं, ते इथे लिहीत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून जो ती संगणकावर वापरतो, त्याला कमीत कमी सात दिवस ते जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. घरी बसून, कमाईशिवाय वापरणाऱ्याला न्यायालय कैदेतून सूट देऊ शकतं, अशी मुभा त्याच कलमात आहे. फी घेऊन चालणाऱ्या क्लासला ही मुभा कशी मिळणार, ते तुमच्या वकिलांनाच विचारा. कलम सांगून कुणी काही सोडत नाही हे मलाही कळतं. म्हणून या पत्राचा पुढचा भाग कायद्याबद्दल नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं महाग सॉफ्टवेअर हा मुलगा विकत कुठून घेणार? प्रश्न रास्त आहे. तुमच्याकडे येतो कोण, ते बघू. चेंदणी कोळीवाड्यातला, विटाव्याचा, घणसोलीचा, दिवाळ्याचा मुलगा. घरात कुणीतरी बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवतो, चुलत भाऊ हळदीला डीजे लावतो. त्याला आगरी-कोळी गाण्याचा रिमिक्स करून यूट्यूबवर टाकायचा आहे आणि पुढच्या सीझनला आपलाच ट्रॅक हळदीत वाजलेला ऐकायचा आहे. त्याच्याकडे असतो मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप, बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे अपडेट बंद झालेलं विंडोज, त्यावर अँटिव्हायरस बंद करून टाकलेला क्रॅक, आणि वर आपण त्याला सांगतो, 'जमलं तर नवीन मशीन घे.'

तेच मशीन लिनक्सवर बरी पाच वर्षं अजून काम देतं. हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, रॅम आठ जीबी करा, एवढं मात्र करावंच लागतं.

'लिनक्सवर संगीत होत नाही' हे वाक्य मी तुमच्यापैकी अनेकांकडून ऐकलं आहे. ते कधीकाळी बरंचसं खरं होतं. आज रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी थेट मिळतं: साठ दिवस वापरून बघा, आणि वैयक्तिक किंवा शैक्षणिक वापराचा परवाना साठ डॉलरला, म्हणजे पाच हजारांच्या थोडं पुढेमागे. बिटविग स्टुडिओ बर्लिनचं. त्याची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये आली तीच विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर. ट्रॅकर (सूर उभ्या यादीत लिहायची पद्धत) आवडणाऱ्यांना रेनॉइझ आहे. आर्डर हे तर मुळात लिनक्सवरच वाढलं. ते लिहायला घेणारा पॉल डेव्हिस हा ॲमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. एलएमएमएस फुकट आहे आणि एफएलची सवय असलेल्या मुलाला पाहताक्षणी ओळखीचं वाटतं, पण त्याच्या स्थिर आवृत्तीत माइकवरून आवाज रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे गायक बसवायचा असेल तर ते पुरत नाही. मला विचाराल तर क्लाससाठी रीपर किंवा आर्डर. बिटविग सुंदर आहे, पण ते ज्याने त्याने आपल्या पैशाने, पुढे कधीतरी घ्यावं.

आता आवाज तुटण्याबद्दल, कारण पहिली शंका तिथेच येते. संगणक आवाज थेंबाथेंबाने देत नाही, घोटाघोटाने देतो. त्या घोटाला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर असेल तर एक घोट ५.३ मिलिसेकंदांचा. आत येताना एक, बाहेर जाताना एक, वर इंटरफेसचा (माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणाचा) थोडा वेळ, असं धरून कीबोर्डवर बोट पडल्यापासून किंवा माइकमध्ये सूर गेल्यापासून दहा-बारा मिलिसेकंदांनी आवाज कानात. हे जास्त वाटत असेल तर ढोलपथकात उभं राहून बघा: दहा मीटर लांबच्या ढोलाचा आवाज आपल्यापर्यंत यायला जवळजवळ तीस मिलिसेकंद लागतात, आणि तरी पथक ठेक्यात असतं. बफर लहान करत गेलं की प्रोसेसरला प्रत्येक घोट वेळेत भरून द्यावा लागतो. नाही जमलं की टक्क असा आवाज येतो, त्याला लिनक्सवाले एक्सरन म्हणतात. हे विंडोजवरही होतं, फक्त तिथे त्याचं नाव आणि संख्या समोर दिसत नाही.

वेळेत घोट भरण्यासाठी कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, इतर कामं बाजूला सारून आवाजाला आधी वाट द्यावी लागते. त्यासाठीचं रिअलटाइमचं काम वीसेक वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर, पॅचच्या (वरून जोडायच्या ठिगळाच्या) रूपात चाललं होतं. ते २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आलं. दुसरी अडचण होती ती जॅक आणि पल्सऑडिओ या आवाज हाताळणाऱ्या दोन प्रोग्रामांच्या भांडणाची: एक संगीतासाठी, एक ब्राउझरसाठी, आणि दोघांना एकच साउंडकार्ड हवं. दोघांची जागा घेणाऱ्या पाइपवायरने ते भांडण मिटवलं. २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि आज रीपर चालू असताना यूट्यूबवरचा संदर्भ-ट्रॅकही ऐकता येतो. तुम्ही उबुंटू स्टुडिओ (संगीताच्या कामासाठी सजवलेलं लिनक्स) घेतलंत तर ही जोडणी बरीचशी आधीच केलेली असते. इंटरफेस घेताना एकच पाहा: तो आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालतो का? चालत असेल तर लिनक्सवरही बहुधा लावताक्षणी चालेल. फोकसराइट स्कार्लेट या इंटरफेसचं तर आतलं मिक्सरसुद्धा लिनक्समधून हलवता येतं, कारण जेफ्री बेनेट नावाच्या माणसाने त्याचा आधार कर्नलमध्ये लिहून ठेवला आहे.

सिंथकडे, म्हणजे आवाज मुळापासून घडवणाऱ्या सिंथेसायझरकडे, वळतो, कारण तुमच्याशी माझं खरं भांडण इथे आहे. तुमची मुलं प्रीसेटची (तयार आवाजांची) नावं सांगतात. 'तो वाला प्लक, तो वाला लीड.' ऑसिलेटर काय, फिल्टर कशाला, एन्व्हलप हलवला की काय होतं, हे विचारलं की गप्प. पन्नास प्लगिन्स एका दिवसात मिळाल्यावर कोण कशाला एखादं उघडून बघेल? सर्ज एक्सटी हे एकच सिंथ तीन महिन्यांना पुरतं. एकेकाळी ते विकत मिळत असे. लिहिणाऱ्याने २०१८ मध्ये त्याचा कोड खुला केला आणि मग जगभरच्या लोकांनी ते वाढवलं. जोडीला व्हायटलची फुकट आवृत्ती घ्या, त्यात वेव्हटेबल (आवाजाच्या लहरींची माळ) डोळ्यांना हलताना दिसते. जुन्या यामाहा डीएक्स७ या सिंथचे आवाज हवेत तर डेक्स्ड. सगळी लिनक्सवर थेट चालतात, आणि विंडोज-मॅकवरही, त्यामुळे वर्गात कुणाकडे काहीही असलं तरी सगळ्यांच्या समोर तोच पडदा येतो.

आणि सर्जमध्ये एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या वर्गात शिकवलीच पाहिजे, निदान मराठी मुलांना. त्यात स्वरांचं मापन बदलता येतं. कीबोर्डवरचा गंधार सापासून ४०० सेंटवर (अख्ख्या सप्तकाचे १२०० सेंट) बसवलेला असतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा, पाचास चार या प्रमाणातला गंधार असतो ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. धैवताचा सोळा. पंचमाचा मात्र फक्त दोनचा, म्हणून सा-पाचं ड्रोन (तंबोऱ्यासारखा सलग आधारस्वर) कुठल्याही सिंथवर गोड लागतं आणि त्यावर भूपाची ओळ वाजवली की गंधारापाशी दातात खडा आल्यासारखं होतं. घरी गाणं शिकलेली मुलगी तुमच्या वर्गात येते, 'काहीतरी लागतंय' म्हणते, आणि आपण तिला रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) वाढवायला सांगतो! पेटीवर हाच आक्षेप घेतला जायचा. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागच्या वादातही हे ठरीव स्वर होतेच. पेटीतल्या स्वरपट्ट्या बदलणं सोपं नव्हतं. इथे एक साधी टेक्स्ट फाइल लिहायची आहे, स्काला नावाच्या पद्धतीची: एका ओळीत ९/८, पुढे ५/४, ४/३, ३/२, असे बारा स्वर. ती माउसने ओढून सर्जच्या खिडकीवर सोडली की गंधार जागेवर. सा पांढरी एकवरून काळी एकवर न्यायचा असेल तर जोडीला केबीएम फाइल (कुठल्या पट्टीवर कुठला स्वर हे सांगणारी) लागते, तीही तशीच साधी. कुठल्या रागात कुठला गंधार, यावर गुरुजनांत मतभेद आहेत आणि राहतील. पण तो वाद कानाने घालण्याची सोय मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर फुकट आहे, आणि आपण त्याला चोरलेल्या प्रीसेटची यादी पाठ करायला लावतो.

ठेक्याचंही असंच. एफएल उघडलं की समोर सोळा चौकोन, चारचारच्या गटात. मुलगा त्यात कोळीगीत बसवायला जातो आणि त्या सहाच्या झुलत्या चालीची कवायत होऊन बसते. मग म्हणतो, 'सर, ग्रूव्ह येत नाय.' हायड्रोजन हे लिनक्सवरचं ड्रम मशीन आहे, त्यात पॅटर्नची लांबी हवी तेवढी करता येते: सहा, सात, दहा. सहाची चौकट लावा, दुसऱ्या ओळीत सात मात्रांचा रूपक लावून दाखवा. एफएलमध्येही हे करता येतं, हे मान्य. पण करून दाखवायला हवं ना कुणीतरी. ढोलकी, संबळ, हलगीची विकतची लायब्ररी बऱ्याचदा कोन्टॅक्टसाठी असते आणि कोन्टॅक्ट लिनक्सवर नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे. बॅचमधल्या कुणाच्यातरी काकांची ढोलकी आणा, एकेक बोल हळू, मध्यम, जोरात असा रेकॉर्ड करा आणि डीसेंट सॅम्पलरमध्ये भरा. तो फुकट आहे आणि लिनक्सवर चालतो. एका रविवारात मुलांना माइक लावणं, गेन ठरवणं, कापणं, नावं देणं सगळं येतं, आणि तो आवाज जगात दुसऱ्या कुणाकडे नसतो.

जे नाही तेही सांगायला हवं, नाहीतर मुलं दुसऱ्या आठवड्यात तुमच्या आणि माझ्या नावाने खडे फोडतील. एफएल नाही, एबलटन नाही, प्रो टूल्स नाही. लॉजिक मॅक आणि आयपॅडशिवाय कुठेच नाही. मेलोडाइन नाही, वेव्हज नाही, आयलॉकवर (परवाना तपासणाऱ्या यंत्रणेवर) चालणारं काहीही नाही. गळ्याला ऑटोट्यूनसारखा परिणाम हवा तर ग्रेलॉनची फुकट आवृत्ती लिनक्सवर मिळते आणि हळदीच्या गाण्याला ती भरपूर होते. पण सूर न् सूर हाताने सरळ करायचा असेल तर मेलोडाइनची बरोबरी तिथे होत नाही. वाइन आणि याब्रिज लावून विंडोजची प्लगिन्स रीपरमध्ये उघडता येतात. मी स्वतः काही वापरतो. क्लाससाठी मात्र हा रस्ता घेऊ नका. एका अपडेटनंतर खिडकीतला माउस भलतीकडेच लागायला लागतो आणि तुमचा तास त्यातच जातो.

वारं कुठल्या दिशेला आहे तेही बघा. बिटविग आणि प्लगिन बनवणारी यू-हे कंपनी यांनी २०२२ मध्ये क्लॅप हे प्लगिनचं खुलं स्वरूप आणलं. २०२३ मध्ये डॉप्रोजेक्ट हे फाइलचं खुलं स्वरूप आलं, त्यामुळे बिटविगमधलं काम स्टुडिओ वनमध्ये, आणि आता क्यूबेसमध्येही, ट्रॅकसकट नेता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे विंडोज १० चा आधार संपला त्याच महिन्यात, क्यूबेसवाल्या स्टाइनबर्गने व्हीएसटी३ या प्लगिनच्या रुळलेल्या स्वरूपाचा विकास-संच एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली खुला केला. प्लगिन लिहिणाऱ्या छोट्या माणसाला लिनक्सची आवृत्ती काढणं यापुढे अधिक सोपं जाईल.

अख्खा क्लास लिनक्सवर न्या, असं माझं म्हणणं नाही. पहिले तीन महिने न्या. त्या तीन महिन्यांत तुम्ही जे शिकवता, म्हणजे ठेका, सिंथ, ईक्यू, कॉम्प्रेसर, गाण्याची मांडणी, गायकाचं रेकॉर्डिंग, त्यातलं एकही क्रॅकवाचून अडत नाही. नंतर ज्याला मोठ्या स्टुडिओत नोकरी हवी त्याला प्रो टूल्स शिकवा, लागेलच. ज्याला एफएलच हवं त्याला त्याची छोटी आवृत्ती विकत घ्यायला सांगा. एफएलचं एक मानलं पाहिजे, एकदा घेतलं की पुढची अपडेट्स आयुष्यभर फुकट. तोपर्यंत त्याला हेही कळलेलं असेल की आपल्याला नेमकं काय हवंय. आणि प्रवेश अर्जावर एक ओळ वाढवा: 'घरात कोणता लॅपटॉप आहे?' बॅच सुरू होण्याआधी हे विचारलं तर अर्ध्या अडचणी बॅच सुरू होण्याआधीच कळतील.

बॅचच्या फीतून थोडी रक्कम या लोकांनाही पाठवावी, असं मला वाटतं. आर्डर तुमच्या लिनक्स-वितरणात (उबुंटू स्टुडिओसारख्या) फुकट मिळतं, पण त्यांच्या संकेतस्थळावरून तयार प्रत घ्यायची तर ते थोडे पैसे मागतात, आणि त्यावरच ते काम चालतं. पावती क्लासच्या नावाने घ्या आणि भिंतीवर लावा. पालकांना दाखवायला तुमच्याकडे निदान एक तरी परवाना असेल.

तुमच्यापैकी कुणाला करून बघायचं असेल तर शनिवार-रविवार मी यायला तयार आहे, ठाण्यात किंवा ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावर कुठेही. मानधन नको, चहा चालेल. दाखवायला तुमचा मॅकबुक मात्र काढू नका. ज्याच्यावर विंडोज ११ चढत नाही असा बॅचमधल्याच एखाद्या मुलाचा लॅपटॉप द्या, आणि तुमचा रोजचा इंटरफेस. बफर आपण सगळ्यांसमोर खाली आणत जाऊ. आवाज तुटला तर मुलांदेखत तुटू दे. तो का तुटला हे शोधण्यातच पहिला तास जाईल, आणि तो तास मी फुकट घेतो.

कळावे,

आपला,
कळव्याचा एक सिंथवाला